बयाना आणि रजिस्ट्रीच्या मधले ४५ दिवस

"भाऊ, मार्केट कसं आहे?" या प्रश्नाला नागपुरात सध्या एकच उत्तर मिळतं: "डाउन आहे जी." उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. बेसा, मनीष नगर, नरसाळा, झिंगाबाई टाकळी, कुठेही जा, रविवारी फ्लॅट बघायला माणसं येतात. त्यातले काही बयानाही देतात. सौदा मोडतो तो त्यानंतर, रजिस्ट्रीसाठी ठरलेल्या ४५ दिवसांत. तेजीत हे मधले दिवस कसेबसे निघून जायचे, कारण एक पार्टी गेली तर दुसरी दारात उभी असायची. आता दुसरी पार्टी यायला तीन-चार महिने लागतात. म्हणून हे मधलं अंतर आधी समजून घेतलं पाहिजे.

आकड्यांनी सुरुवात करू. समजा, दहा वर्षं जुना टू बीएचके आहे आणि विकणारा ५२ लाख मागतो. घेणाऱ्याच्या डोक्यात हिशेब असतो की ८० टक्के बँक देईल, २० टक्के आपले, म्हणजे १० लाख ४० हजार. तेवढे जमले की तो बयाना देतो. मग बँकेचा व्हॅल्युअर येतो आणि मूल्यांकन ४६ लाखांचं देतो. कर्ज करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर मिळतं, म्हणजे ४६ चे ८० टक्के, ३६ लाख ८० हजार. उरलेले १५ लाख २० हजार घेणाऱ्याला खिशातून घालायचे. त्यावर मुद्रांक शुल्क आणि सगळे अधिभार मिळून ७ टक्के धरा, ३ लाख ६४ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. एक टक्का दलाली, ५२ हजार. बेरीज १९ लाख ६६ हजार. साडेदहा लाख घेऊन आलेल्या माणसाला वीस लाख लागतात हे बयाना दिल्यानंतर कळतं. मग "घरच्यांना पसंत नाही" असा फोन येतो. घरच्यांना पसंत असतो हो, पैसे पुरत नसतात.

आता हाच फ्लॅट ४७ लाखांना द्यायचा ठरला तर? कर्ज तेच, ३६ लाख ८० हजार, कारण मूल्यांकन बदललेलं नाही. हप्ताही तोच. पण खिशातून लागणारी रक्कम १४ लाख २६ हजारांवर येते. किंमत ५ लाखांनी उतरली आणि घेणाऱ्याचा रोख भार ५ लाख ४० हजारांनी हलका झाला. मूल्यांकनाच्या वरची सगळी किंमत घेणाऱ्याच्या बचतीतून जाते, हे विकणाऱ्याला कागदावर मांडून दाखवावं लागतं. नुसतं "थोडं कमी करा काका" म्हटलं की काका ५० हजार कमी करतात, आणि त्याने कुणाचंच अडलेलं काम सुटत नाही.

व्याजदराचं तसंच. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, साडेसहावरून साडेपाचवर आला, तेव्हा आता मार्केट उठणार असं सगळ्यांना वाटलं. ३६ लाख ८० हजारांचं वीस वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांवरून ८ वर आलं तर हप्ता सुमारे ३३,१०० वरून ३०,८०० होतो. महिन्याला २,३०० वाचले, चांगलंच आहे. पण तशाच फ्लॅटचं भाडं १४ हजार असेल तर भाडेकरू ३०,८०० शी तुलना करतो आणि आणखी एक वर्ष थांबतो. त्याला अडवणारी गोष्ट हप्त्यापेक्षा सुरुवातीची रक्कम आहे, आणि ती रेपो दराने कमी होत नाही. एक टक्का मात्र लगेच वाचवता येतो: खरेदी फक्त महिलेच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात तेवढी सूट आहे. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती गेली.

व्हॅल्युअर इतकं कमी का धरतो? विकणारा १,०५० स्क्वेअर फूट म्हणतो, त्यात जिना, लिफ्ट आणि पॅसेजचा वाटा धरलेला असतो. व्हॅल्युअर आतून टेप लावतो. बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात खोली नसेल तर ती खोली म्हणून मोजत नाही. इमारतीचं वय वजा करतो. आणि आसपास खरोखर नोंदवलेल्या विक्रीपत्रांतली किंमत बघतो. शेजारच्याने "साठला दिला" म्हणून सांगितलेली किंमत त्याच्या कामाची नाही. त्या साठपैकी काही रक्कम कागदावर आलीच नसेल तर शेजाऱ्याचा सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, ५० लाखच दाखवणार, आणि तुमच्या फ्लॅटचं मूल्यांकन त्याच ५० वर बसणार. रोखीचा हा खेळ खेळणारे स्वतःच्याच गल्लीचा भाव पाडतात. वर अचल मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतली की तेवढाच दंड बसू शकतो, तो वेगळा.

भाव फार उतरला तर दुसरं टोक लागतं, ते रेडी रेकनरचं, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराचं. एकाच मूल्य विभागात मुख्य रस्त्यावरची इमारत आणि आतल्या बोळातली इमारत येते, दर मात्र सारखाच. बोळातला फ्लॅट ४४ लाखांत सुटतो आणि रेडी रेकनर ५० म्हणतो. शुल्क ५० वरच भरावं लागतं. शिवाय फरक १० टक्क्यांच्या पलीकडे गेला की आयकर मधला ६ लाखांचा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतो, आणि विकणाऱ्याचा नफाही ५० वरून मोजतो. ४४ च्या ११० टक्के म्हणजे ४८ लाख ४० हजार. तिथपर्यंत रेडी रेकनर असता तर प्रश्न नव्हता. रक्कम ठरवायच्या आधी दर काढून बघायला दहा मिनिटं लागतात. तेवढीही तसदी पुष्कळ जण घेत नाहीत.

थांबणाऱ्यांसाठी एक हिशेब. ४७ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३ लाखांवर व्याज. रिकामा फ्लॅट ५० ला जाईल म्हणून वर्षभर कुलूप लावून ठेवणारा, ५० मिळाले तरी होता तिथेच असतो. मेंटेनन्स आणि मनपाचा टॅक्स वेगळा.

आता कागद. नागपुरात बहुतेक अपार्टमेंट सोसायटी म्हणून नोंदलेली नसतात. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली बिल्डर डीड ऑफ डिक्लेरेशन नोंदवतो आणि प्रत्येक फ्लॅटला जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्क्यांत मिळतो. विकणाऱ्याच्या फाइलमध्ये स्वतःचं विक्रीपत्र असतं, हे डिक्लेरेशन नसतं. बँकेचा वकील पहिल्याच दिवशी ते मागतो. त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडून काढता येते, पण नोंदणीचा क्रमांक आणि वर्ष हवं. प्रत आली की पहिले दोनच गोष्टी बघा: तुमच्या फ्लॅटचा क्रमांक आणि मजला त्यात आहे का, आणि सगळ्या हिश्श्यांची बेरीज १०० होते का. चार मजले मंजूर असताना वर पेंटहाऊस चढवलेलं असतं, किंवा पार्किंगच्या जागेत एक फ्लॅट काढलेला असतो. तो विकायला निघाला की बँक सरळ नाही म्हणते. अशा इमारतीतल्या बाकीच्या, नियमात बसणाऱ्या फ्लॅटांनाही मग भोगवटा प्रमाणपत्राचा (इमारत वापरायला मिळालेल्या परवानगीचा) प्रश्न विचारला जातो.

जमीन नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) किंवा नझूलच्या (शहरातल्या सरकारी जमिनीच्या) भाडेपट्ट्यावर असेल तर पट्टा संपलेला नाही ना, जमीनभाडं थकलेलं नाही ना आणि हस्तांतरणाची परवानगी लागते का, हे बघायचं. नासुप्रचा पट्टा ३० वर्षांचा असतो. १९९० च्या सुमारास पट्टा झालेल्या जागेचं नूतनीकरण राहून गेलं असेल तर ४५ दिवसांत ते काम होत नाही. एवढंच लक्षात ठेवा.

सर्वात जास्त वेळ खातात ते वारस. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील गेले, आई आणि एक मुलगा इथे, दुसरा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. सगळे फोनवर "हो" म्हणतात. फोनवरच्या होकाराने रजिस्ट्री होत नाही. हक्कसोडपत्र नोंदवलेलं लागतं किंवा सगळ्यांनी विक्रीपत्रावर सही करायची. परदेशातून येणारं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात किंवा नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुलगी अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर घेणाऱ्याने आयकरापोटी कापायचा टीडीएसही वेगळा. निवासी विकणाऱ्याचा सौदा ५० लाख किंवा वर असला की एक टक्का कापतात. अनिवासीला तो नियम लागत नाही, कपात बरीच जास्त होते आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. ही गोष्ट रजिस्ट्रीच्या दिवशी निघाली की दोन्ही बाजू दलालाकडे बघतात.

प्लॉटची दुखणी वेगळी आहेत, थोडक्यात सांगतो. जाहिरातीत "एनए, टीपी, आरएल" असं एका दमात लिहिलेलं असतं. एनए म्हणजे अकृषिक, टीपी म्हणजे नगररचनेची मंजुरी, पण आरएल म्हणजे दोन ठिकाणी दोन गोष्टी. जुन्या गुंठेवारी (मंजुरीशिवाय तुकडे पाडलेल्या) लेआउटमध्ये, नागपुरात ज्यांना ५७२ किंवा १९०० वाले म्हणतात त्यांत, आरएल म्हणजे त्या एका प्लॉटचं नियमितीकरण पत्र. त्यावरचा खसरा (भूमापन क्रमांक), मौजा (गाव), प्लॉट क्रमांक आणि क्षेत्रफळ विक्रीपत्राशी अक्षरशः जुळलं पाहिजे. महानगर प्राधिकरणाच्या हद्दीतल्या नव्या लेआउटमध्ये विकासकाने रस्ते, नाल्या, वीज केल्यावर प्लॉट मोकळे केल्याचं पत्र असतं, आणि ते सगळे प्लॉट एकदम मोकळे करतंच असं नाही. तुमचा क्रमांक यादीत आहे का ते बघा. शिवमडका, जामठा, उमरेड रोडकडे गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी प्लॉट विकायला आहेत. घर बांधणारा गिऱ्हाईक कमी आणि विकणारे सगळे गुंतवणूकदार, म्हणून तिथला भाव बोर्डावरच राहतो.

फ्लॅट दाखवण्याबद्दल एकच सांगतो. एकच फ्लॅट सात एजंटांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर चार वेगवेगळ्या किमतींनी टाकला की घेणाऱ्याला सर्वात कमी किंमत तेवढी लक्षात राहते. एक किंमत ठरवा, दोन एजंट पुरेत. आणि मे महिन्यात दुपारी तीनला वरच्या मजल्याचा पश्चिमेकडचा फ्लॅट दाखवू नका, असं मी म्हणत नाही. उलट दाखवाच, पण कूलर कुठे लागतो ते आधी बघून ठेवा. नागपूरकर बाई किचन बघून झाल्यावर खिडकीकडेच जाते. बाहेर स्टँडला जागा आहे का, पाण्याची लाइन पोचते का, ग्रिल उघडतं का. तिथे "एसी लावा ना" हे उत्तर चालत नाही. अंबाझरी, नाग नदीच्या बाजूला २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तळमजल्याचं गिऱ्हाईक भिंतीवरची ओल बघतं. ताज्या रंगाने ती झाकली तर संशय वाढतो. पाणी कुठवर आलं होतं ते स्वतःहून सांगितलेलं परवडतं.

आता बयानापत्र, ज्यावर सगळं अवलंबून असतं. बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यात "घेणाऱ्याने मुदतीत रजिस्ट्री न केल्यास बयाना जप्त" एवढंच असतं. मंदीत या एका ओळीवरून भांडणं होतात. त्यात मुदत ४५ ऐवजी ६० दिवस घाला, विशेषतः विकणाऱ्याच्या फ्लॅटवर स्वतःचंच कर्ज चालू असेल तर. घेणाऱ्याची बँक विकणाऱ्याच्या बँकेचं कर्ज फेडते, त्यासाठी आधी थकबाकीचं पत्र आणि तिथे ठेवलेल्या कागदांची यादी लागते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देण्याचं बंधन बँकेवर आहे. म्हणजे एकटी तीच पायरी महिनाभर घेऊ शकते.

"ताबा दिला" असे शब्द बयानापत्रात येऊ देऊ नका. ताबा दिल्याचा उल्लेख असला की त्या कागदावर विक्रीपत्राइतकंच शुल्क लागू होतं. ५०० रुपयांचा स्टॅम्प मग पुरत नाही. कोणते कागद विकणारा किती दिवसांत देणार ते नावानिशी लिहा: डिक्लेरेशन, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, टॅक्सची पावती, विजेचं बिल, अपार्टमेंटचं ना हरकत पत्र. मुदत ते कागद मिळाल्याच्या तारखेपासून मोजा, बयान्याच्या तारखेपासून नव्हे.

आणि शेवटी एक कलम, जे जवळजवळ कुणी घालत नाही: "बँकेचं मूल्यांकन अमुक रकमेपेक्षा कमी आल्यास घेणाऱ्यास सौदा रद्द करता येईल आणि बयान्याची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत मिळेल." अमुकच्या जागी आकडा दोघांनी बसून ठरवायचा. विकणारे याला आधी नाहीच म्हणतात. त्यांना सांगावं की मग बयाना घ्यायच्या आधी तुम्हीच व्हॅल्युअर आणा. त्याची फी काही हजारांत जाते, आणि ५२ मागायचे की ४७, याचं उत्तर बोर्ड लावायच्या आधीच हातात येतं.