तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाचं सोनं आलं कुठून?

“हॉलमार्क आहे म्हणजे सोनं चांगल्या मार्गानंच आलेलं असणार, नाही का?” साखरपुडा झाला की हा प्रश्न हमखास येतो.

नाही. हॉलमार्क कस सांगतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२के९१६ (२२ कॅरेट, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो घालून बघाच. पण खाण कुठली, तिथं पारा वापरला का, पोरं राबली का, हे त्यात नसतं. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, फार तर बिस्कीट कुठल्या रिफायनरीचं ते विचारा. एलबीएमए या लंडनच्या सोने-चांदी बाजार संघटनेच्या यादीतल्या रिफायनरीला सोन्याच्या उगमाची तपासणी करून घ्यावी लागते. मात्र मुशीत बिस्किटाबरोबर मोडही, म्हणजे मोडीत आलेलं जुनं सोनं, पडली, की तो माग तिथंच तुटतो.

म्हणून घरातली मोड सगळ्यात खात्रीची. आजीची बोरमाळ आटवायची तर आधी खडे, दोरा आणि मण्यांतली लाख काढून वजन करा. लाखेसकटचं वजन सोन्याचं नव्हे. नुसत्या कॅरेटमीटरवर व्यवहार नको, ते यंत्र वरचा थरच वाचतं आणि आतला डाख, म्हणजे सांधे जोडायला वापरलेला धातू, सुटतो. समोर टाकणखार घालून आटवा, लगड पाडा, मग कस बघा. समजा लगड ३० ग्रॅम आणि कस ८८० निघाला: शुद्ध सोनं २६.४ ग्रॅम, म्हणजे ९१६ कसाचं सुमारे २८.८ ग्रॅम. जुन्या तुशीचा कस उतरला की लोक सराफावर संशय घेतात. पुष्कळदा तो जागोजागी दिलेल्या डाखामुळं उतरलेला असतो. नव्या कोल्हापुरी साजाच्या बिलातही एकूण वजन, निव्वळ सोनं आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

खाण लांब राहिली, कारागीर तर गल्लीतच बसलेला असतो. “केडीएम आहे ना?” असं अजून कौतुकानं विचारलं जातं. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख. तो कमी आचेवर वितळतो, म्हणून सोयीचा. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, डाख देताना त्याची वाफ होते आणि ती फुंकणी धरणाऱ्याच्या फुप्फुसात, मूत्रपिंडात जाते. हॉलमार्कच्या दागिन्यात ते चालत नाही. साजाची पानं २१, पानापानाला कड्या. किती वेळा आच लागत असेल ते मोजा. ऑर्डर देतानाच “कॅडमियम नको” म्हणून सांगा आणि मुदत पुरेशी द्या. चार दिवसांत साज मागितला की रात्रपाळी त्याच्याच माथी बसते.

हिऱ्याचं म्हणाल, तर हिरे बंडखोरांच्या लढायांना पैसा पुरवणारे नाहीत असं सांगणारं किंबर्ले प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्यांच्या खेपेला असतं, अंगठीतल्या खड्याला नव्हे.

आणि नवरदेवासाठी सोन्यात मढवलेलं “खरं” वाघनख कुणी दाखवलं, तर दुकानातून उठा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते विकत घेणंही गुन्हा आहे.