रापणीची चाल

"बुवा, ही चाल खंयची?" भजनाच्या सरावात पखवाजवाल्याने विचारलं.

पेटीवरचा हात न थांबवता बुवा म्हणाले, "रापणीची."

दिवसभर दुकान सांभाळणारा माणूस. पहाटे मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे दोरांनी किनाऱ्यावर ओढून घ्यायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची हाळी ऐकली. दोराला जोर लागतो तिथे सम धरली आणि अभंग त्यात बसवला. काय सुंदर बसलाय!

डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, सिनेमाच्या चाली टाळ्या घेतात, घेऊ देत. पण ही चाल सुरू झाली आणि झांज वाजवणाऱ्या पोरांचे खांदे आपोआप मागे ओढले जायला लागले. त्यातली काही स्वतः रापणीला जातात. कोणी शिकवलं नव्हतं.

यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांमुळे किनाऱ्याला मासा कमी लागतो, असं रापणकर सांगतात. रापणी थांबल्या तर ही लय नव्या बुवांच्या कानावर कशी पडणार?

तुमच्या गावचे बुवा चाली कुठून आणतात?