एकाच किनाऱ्याचे पुस्तक, पातेले आणि सुई : चौदाव्या महिन्याची नोंद

घरबसल्या जपानी संस्कृतीत रमण्याच्या या छंदाच्या पहिल्या सहा महिन्यांत मी जपानविषयी हाती लागेल ते सारे करून पाहत होतो. एका आठवड्यात कागदाच्या घड्या, दुसऱ्या आठवड्यात चहा, मग थोड्या कविता आणि त्यानंतर लिपी, असा तो क्रम होता. त्यातून ओळख झाली हे खरे, परंतु एका गोष्टीचा दुसरीशी काही धागा जुळत नव्हता. सातव्या महिन्यात मी ठरवले की यापुढे वाचायचे, शिजवायचे आणि शिवायचे ते एकाच प्रदेशातले. होन्शू बेटाच्या उत्तर भागात, जपानच्या समुद्राला लागून असलेला शोनाई हा सपाट प्रदेश मी निवडला. तो आजच्या यामागाता प्रांतात येतो आणि मोगामी नदी तेथेच, साकाता बंदरापाशी, समुद्राला मिळते. घरबसल्या दुसऱ्या संस्कृतीत रमणाऱ्या सर्वांना मी हीच शिफारस करेन, कारण त्यानंतरच्या आठ महिन्यांत माझी पुस्तके, माझे स्वयंपाकघर आणि माझी सुई या तिन्ही गोष्टी एकमेकींविषयी सांगू लागल्या आहेत.

निवडीचे कारण पुस्तक होते. मात्सुओ बाशो हा कवी १६८९ साली सोरा या शिष्याला बरोबर घेऊन एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, उत्तरेकडे पायी निघाला. त्या प्रवासाचे ‘ओकु नो होसोमिची’ हे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १७०२ साली, छापले गेले. पुस्तक लहान आहे आणि एका बैठकीत वाचून होईल, परंतु मी ते मुद्दाम तसे वाचले नाही. शेजारी नकाशा उघडा ठेवून, रोज एखादाच मुक्काम, अशा गतीने वाचले. सोराने स्वतंत्र दैनंदिनी लिहिली होती आणि ती १९४३ साली उजेडात आली. तिच्यातील तारखा, हवामान आणि मुक्काम यांची बाशोच्या लेखनाशी तुलना केली की कवीने कोठे क्रम बदलला आणि कोठे प्रसंगाला आकार दिला ते दिसते. प्रवासवर्णन हे केवळ टिपण नसून रचलेली कलाकृती असते, हे मला या तुलनेने जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही प्रस्तावनेने झाले नव्हते.

या वाचनातील एका शब्दावर मी जवळजवळ दोन आठवडे थांबलो. ओइशिदा या नदीकाठच्या गावी कवींची बैठक भरली, तेव्हा बाशोने पावसाचे पाणी गोळा करत जाणाऱ्या मोगामी नदीला ‘सुझुशी’ म्हणजे शीतल असे विशेषण दिले होते. यजमानांच्या घरी बसून, नदीवरून येणारा गारवा अनुभवणाऱ्या पाहुण्याच्या तोंडी तो शब्द शोभतोच. पुढे त्याने त्याच नदीतून नावेने प्रवास केला, आणि पुस्तकात त्या जागी ‘हायाशी’ म्हणजे वेगवान असा शब्द आला. दोन्ही शब्द तीन-तीन मोजमापांचे असल्यामुळे कवितेचा साचा जराही हलत नाही. बदलते ती कवीची जागा : काठावर बसलेला माणूस प्रवाहात येतो.

येथे मोजणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचक हायकूची पाच-सात-पाच ही मोजणी अक्षरांनी करतो आणि तेथेच अडखळतो. जपानी मोजमापाला ‘ओन’ म्हणतात आणि ते आपल्या अक्षरगणवृत्तांपेक्षा मात्रावृत्तांच्या अधिक जवळचे आहे. दीर्घ स्वराचे दोन ओन होतात, शब्दातील सुट्या ‘न्’चा स्वतंत्र एक ओन होतो आणि जोडाक्षरातील थांब्याचाही एक होतो. म्हणून ‘निप्पोन’ हा शब्द नि-प्-पो-न् असा चार ओनांचा होतो आणि ‘तोक्यो’तील दोन्ही ओकार दीर्घ असल्यामुळे तोही चारच ओनांचा भरतो. मात्र देवनागरीत लिहिलेले दीर्घत्व येथे फसवे असते. ‘साकाता’मध्ये आपल्याला सहा मात्रा दिसतात, परंतु मूळ शब्दात तीनच ओन आहेत. हे कळल्यावर मी लिप्यंतरावर विसंबणे सोडले आणि हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ चिन्हे नीट पाठ केली. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून या चिन्हांचा क्रम घडला, त्यामुळे क, स, त, न, ह, म, य, र, व ही ओळ आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. ज्यांनी लिपीची धास्ती घेऊन हा भाग पुढे ढकलला असेल, त्यांनी या क्रमापासूनच सुरुवात करावी.

आता ज्या गोष्टीने माझे तिन्ही छंद एकत्र बांधले तिच्याकडे येतो. देवा या जुन्या प्रांतातील (शोनाई त्यातच येई) तांदूळ एदोला पोहोचवण्यासाठी कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्याने १६७२ साली साकाताहून पश्चिमेकडे वळसा घालणारा सागरी मार्ग व्यवस्थित बसवून दिला. बाशो साकाताला पोहोचला तो त्यानंतर १७ वर्षांनी, म्हणजे बंदर भरभराटीला येत असताना. वाटेत ओबानाझावा येथे त्याने ज्या सेइफू नावाच्या व्यापारी कवीचा पाहुणचार घेतला, त्याचा व्यापार बेनिबानाचा होता. बेनिबाना म्हणजे करडईचे फूल. त्या फुलांचा लाल रंग क्योतोच्या रेशमासाठी आणि प्रसाधनासाठी जात असे, आणि तो मोगामी नदीतून साकाताला व तेथून जहाजाने पुढे नेला जाई. पुढील काळात याच किनाऱ्यावर कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजे एझोपासून, म्हणजे आजच्या होक्काइदोपासून, ओसाकापर्यंत ये-जा करू लागली. दक्षिणेकडे जाताना त्यांत कोम्बू हे वाळवलेले समुद्रशेवाळ असे आणि उत्तरेकडे परतताना मीठ, चहा आणि वापरलेल्या सुती कपड्यांचे गठ्ठे असत. माझ्या पातेल्यातील कोम्बू आणि माझ्या मांडीवरील शिवण एकाच जहाजाच्या जाण्यायेण्याशी बांधलेली आहे हे ज्या संध्याकाळी ध्यानात आले, त्या संध्याकाळी मी नकाशावर तो मार्ग बोटाने कितीतरी वेळा गिरवला.

त्या जुन्या कपड्यांची गरज हवामानातून आली होती. उत्तरेच्या थंडीत कापूस पिकत नसे, त्यामुळे शेतकऱ्यांचे कपडे तागासारख्या भरड धाग्यांचे असत आणि दक्षिणेहून आलेला सुती तुकडा मौल्यवान ठरे. विरलेल्या कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवून, त्यांवर दाट धावदोरा घातला की कपडा उबदारही होई आणि टिकाऊही. हेच साशिको. त्सुगारूचे कोगिन, नान्बूचे हिशिझाशी आणि शोनाईचे साशिको हे या कलेचे उत्तरेतील तीन प्रसिद्ध प्रकार मानले जातात. नक्षी दिसायला सुंदर आहे, परंतु तिचा प्रत्येक टाका मुळात थर धरून ठेवण्यासाठी आहे, ही गोष्ट शिवताना सतत मनात ठेवावी. माझ्या सुरुवातीच्या नमुन्यांत मी एकाच थरावर शिवत होतो आणि टाके कापडावर तरंगल्यासारखे दिसत होते. दोन थर घेतल्यावर धागा कापडात किंचित बुडतो आणि धुतल्यानंतर टाक्यांच्या मधला भाग फुगून वर येतो. साशिकोचा खरा पोत तेथे दिसतो.

सध्या मी हितोमेझाशी या चौकटीवरच्या प्रकारात काम करत आहे. ५ मिलिमीटरची चौकट आखायची, एक घर वरून आणि एक घर खालून असा धावदोरा घालत सगळ्या आडव्या ओळी आधी पूर्ण करायच्या आणि मगच उभ्या ओळींना हात घालायचा. आडव्या ओळी संपेपर्यंत कापडावर केवळ तुटक रेषा दिसतात. उभ्या ओळी त्यांना भेटू लागतात तेव्हा नक्षी उमलते. ‘काकी नो हाना’, म्हणजे पर्सिमनचे फूल, या नमुन्यात माझी नववी आडवी ओळ खालून सुरू व्हायला हवी होती आणि मी ती वरून सुरू केली. चूक त्या दिवशी दिसली नाही, दुसऱ्या दिवशीही दिसली नाही. चार दिवसांनी, तिसरी उभी ओळ घालत असताना, एका फुलाच्या पाकळीचे तोंड उघडेच राहिले तेव्हा ती कळली. तीन उभ्या ओळी आणि ती नववी ओळ उसवावी लागली. गडद निळ्या कापडावर सुईची भोके पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसत होती, परंतु कापड ओले करून नखाने हलके घासल्यावर ती मिटली. आता प्रत्येक ओळ सुरू करण्यापूर्वी ती ‘वर’ की ‘खाली’ हे मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवतो, आणि दर पाच ओळींनंतर मागच्या बाजूने मोजणी ताडून पाहतो.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. ओळ संपली की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धागा व कापड एकत्र धरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापड सरकवत ते सपाट करायचे असते. या क्रियेला ‘इतोकोकी’ म्हणतात. ती न केल्यास प्रत्येक ओळीगणिक कापड थोडे आखडत जाते आणि तिसाव्या ओळीला चौरसाचा डमरू होतो. वळणावर, मागच्या बाजूला, धाग्याचा छोटा सैल फास सोडणेही तितकेच आवश्यक आहे, कारण दोन थरांचे कापड धुतल्यावर आटते आणि ताणलेला धागा त्याला चुण्या पाडतो. सुई लांब असावी, म्हणजे तिच्यावर एकाच वेळी सहा-सात टाके भरता येतात. एकेक टाका ओढून घातलेली ओळ मला कधीच सरळ जमली नाही.

स्वयंपाकघरातील प्रगती यापेक्षा संथ आहे, परंतु समाधानकारक आहे. मी १० ग्रॅम कोम्बू एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवतो. त्यावरची पांढरी भुकटी म्हणजे बुरशी समजून सुरुवातीला मी ती चोळून धूत असे. ती मॅनिटॉल नावाची नैसर्गिक शर्करा असते आणि ती चवीचाच भाग आहे, त्यामुळे आता फक्त कोरड्या फडक्याने धूळ टिपतो. सकाळी पातेले मंद आचेवर ठेवायचे आणि तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले की, उकळी येण्याआधीच, कोम्बू बाहेर काढायचा. उकळू दिला तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होते. याच कोम्बूच्या पाण्याच्या चवीचा शोध घेत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. मी मासळी वापरत नसल्यामुळे कात्सुओबुशी या वाळवलेल्या मासळीऐवजी वाळवलेली शिताके अळिंबी वेगळ्या भांड्यात, थंड पाण्यात भिजवतो आणि ते पाणी यात मिसळतो. अळिंबीतील ग्वानिलेट हे द्रव्य ग्लुटामेटची चव कितीतरी वाढवते, आणि हे वाचून मानण्यापेक्षा आधी एकेक घोट वेगळा व मग मिश्रणाचा घोट घेऊन पाहावे.

या रसावर मी गेल्या महिन्यात इमोनी तीनदा केले. इमोनी म्हणजे अळकुड्यांचा दाट रसदार पदार्थ. यामागातामध्ये शरद ऋतूत लोक नदीकाठी जमून तो मोठ्या पातेल्यांत शिजवतात. प्रांताच्या आतल्या भागात तो गोमांस आणि सोया सॉस घालून करतात, तर शोनाईत डुकराचे मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालतात. मी मांसाच्या जागी तळलेले तोफू घातले, पण मिसोचा आधार सोडला नाही. पहिल्या खेपेस मी मिसो रसाबरोबर उकळला आणि त्याचा सुवास उडून गेला. दुसऱ्या खेपेस अळकुड्यांच्या चिकटपणामुळे रस जड झाला. तिसऱ्या खेपेस सोललेल्या अळकुड्यांना मीठ चोळले, तीन मिनिटे उकडून धुतल्या आणि मगच रसात सोडल्या. आच बंद केल्यावर डावातल्या थोड्या रसात मिसो कालवून तो वरून घातला. अळकुडी सोलण्याची ‘रोप्पो-मुकी’ ही सहा पैलूंची पद्धतही त्याच दिवशी प्रथम नीट साधली : दोन्ही टोके कापायची आणि मग वरपासून खालपर्यंत सहा सरळ, सलग काप द्यायचे. पातेल्यात ते पांढरे षट्कोन एकसारखे शिजतात आणि त्यांच्या कडा विरत नाहीत.

सध्या सुईवर हितोमेझाशीतीलच ‘कोमेझाशी’ हा नमुना आहे. आधी आडवे व उभे टाके घालून अधिकचिन्हे तयार करायची आणि मग तिरक्या ओळी दोन दिशांनी घालायच्या, म्हणजे तांदूळ या अर्थाचे जपानी चिन्ह कापडभर उमटते. तांदळाच्या बंदरामागच्या प्रदेशात ही नक्षी शेतकऱ्यांच्या कपड्यांवर असावी यापरते समर्पक काही नाही. अधिकचिन्हे पूर्ण झाली आहेत, तिरक्या ओळींची पहिली दिशा अर्ध्यावर आली आहे.

पुस्तकात मी किसाकाता येथे पोहोचलो आहे. बाशो साकाताहून तेथे गेला आणि हाच त्याच्या प्रवासाचा उत्तरेकडील शेवटचा टप्पा. त्याने पाहिले ते लहान लहान बेटांनी भरलेले उथळ खाजण होते. १८०४ सालच्या भूकंपात तेथील जमीन वर उचलली गेली आणि खाजणाची शेतजमीन झाली. बेटे मात्र पाइन वृक्षांच्या टेकड्या होऊन भातखाचरांत उभी राहिली. लावणीच्या आधी खाचरांत पाणी सोडतात तेव्हा ती काही दिवस पुन्हा बेटांसारखी दिसतात. उपग्रहाच्या नकाशावर मी त्या टेकड्या एकेक करून शोधत आहे आणि सापडेल तिचे ठिकाण वहीत मांडत आहे. कोमेझाशी संपली की त्या वहीतील ठिपके नव्या निळ्या कापडावर उतरवायचे आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत ‘सेइगाइहा’ ही लाटांची नक्षी भरायची आहे.