ऑप्शनला टाकलेला काळ

शेजारची मुलगी अकरावीला आहे, सेकंड लँग्वेज फ्रेंच. का घेतलं असं विचारायचं नसतं, स्कोरिंग आहे म्हणून घेतलं, आमच्या वेळी त्याच कारणासाठी संस्कृत घ्यायचे. तर परवा भर दुपारी, जेवण आवरून मी जरा आडवी व्हायच्या बेतात असताना ती वही घेऊन आली, सब्जंक्टिव अडलं होतं, म्हणजे आपल्या 'यावं', 'व्हावं'सारखी रूपं. ते झालं सांगून. वही मिटता मिटता म्हणाली, "काकू, ह्याचा इम्परफेक्टपण असतो ना, भूतकाळातला? क्लासमध्ये म्हणाले तो ऑप्शनला टाका, फ्रान्समध्येसुद्धा कोणी बोलत नाही."

मी म्हटलं खरंय, टाक. ती गेली आणि माझी झोपही गेली, कारण पंख्याकडे बघत मी आपली मनातल्या मनात 'पार्ले' चालवायला घेतला, म्हणजे त्याची ह्या काळातली रूपं ओळीने म्हणायला. पार्ले म्हणजे बोलणे. पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियों, पार्लासिए, पार्लास. इथे मला दर वेळी विलेपार्ल्याचा प्लॅटफॉर्म दिसतो, त्याला काही इलाज नाही.

ही माझी जुनी खोड आहे. बँकेत टोकन घेऊन बसलं की, सिग्नलला, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. विमान हलायला लागलं की शेजारची माणसं रामरक्षा म्हणतात, मी 'एत्र', म्हणजे असणे, चालवते. फ्युस, फ्युस, फ्यु, फ्युसियों, फ्युसिए, फ्युस. बरं फ्रेंचमध्ये उपयोगाचे काळ काय कमी आहेत, पण त्यांच्याकडे माझं मन कधी वळलं नाही. उपयोगाच्या काळाचं काम असतं ना, हॉटेलात पाणी मागायचं, तिकीट कुठे मिळेल विचारायचं. ह्याचं कामच नाही काही. हा नुसता चालवायचा.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या क्लासला जायचे तेव्हा हा काळ पहिल्यांदा भेटला, आणि भेटला तोच इतका सरळ की मी प्रेमातच पडले. फ्रेंच क्रियापदं एरवी किती छळतात हे ज्यांनी शिकलंय त्यांना माहितीय, प्रत्येकाचं वेगळं नाटक. हा मात्र म्हणतो, पुस्तकी भूतकाळातलं 'तू'चं रूप घ्या, पुढे एक एस आणि ई जोडा, संपलं. बोलणं असो, येणं असो, मरणं असो, सगळ्यांना एकच न्याय. फक्त 'तो'च्या रूपाला एस नाही, तिथे शेवटी टी आणि त्याच्या आधीच्या स्वराच्या डोक्यावर टोपी, सिर्कोंफ्लेक्स. त्यातही एखाददुसरंच क्रियापद टोपी घालत नाही, जसं 'हाईर', म्हणजे द्वेष करणे. कारण त्याच्या 'आय'वर आधीच दोन टिंबं बसलेली असतात, टोपीला जागाच नाही. द्वेषाचं आणि टोपीचं जमू नये हे मला का कोण जाणे फार योग्य वाटतं.

फ्रेंच लोकांनी हा काळ सोडला त्याची कारणं त्यांच्या कानात आहेत. 'तो यावा असं मला वाटत होतं' असं म्हणायचं तर जुन्या नियमाने मुख्य क्रियापद भूतकाळात म्हणून मागचंही भूतकाळात न्यायला हवं. आता कोणी नेत नाही, साधा वर्तमानातला सब्जंक्टिव टाकतात आणि मोकळे होतात. बेकरीत पाव घेताना कोणी हा काळ वापरला तर सोवळं नेसून लोकलमध्ये चढल्यासारखं दिसेल. शिवाय ते आस, इस, युस! 'मला करता यावं' ह्याचं रूप म्हणायला जा, ऐकणाऱ्याला पिसू ऐकू येते, दोन्हींचा उच्चार एकच. आणि 'तुम्ही खून करावा' ह्याचं होतं आसासिनासिए, हे तर फ्रेंच लोक स्वतःच एकमेकांना हसायला म्हणून ऐकवतात. सरकारनेसुद्धा २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशात अर्धी सूट देऊन टाकली होती. 'तो यायला हवा' अशा धर्तीच्या वाक्यांत मुख्य क्रियापद कंडिशनलमध्ये, म्हणजे जर-तरच्या रूपात, असलं तर मागे वर्तमानातला सब्जंक्टिव आला तरी चालवून घ्यावं, असं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हा ऑप्शनला गेलेला आहे, अकरावीच्या पोरांना काय बोलायचं.

तरी काही जण वापरायचे. कट्टर उजवे पुढारी ज्याँ-मारी ल पेन भाषणात हा काळ मुद्दाम पेरायचे, त्यासाठी ते प्रसिद्धच होते. माझ्या आवडीला नेमकी ही सोबत मिळावी ह्याचं मला वाईट वाटतं, पण क्रियापदाचा त्यात काय दोष.

चालवणे हा शब्द मी फ्रेंचच्या क्लासमध्ये नाही शिकले अर्थात. तो वाईचा. सुट्टीत आजोळी गेलं की दुपारी उन्हात बाहेर सोडायचे नाहीत, मग आजोबा माजघरात जाजमावर बसवून म्हणायचे, हं, भू चालव, विधिलिङ्. म्हणजे संस्कृतातलं 'व्हावं'. आजोबांच्या मांडीशी पानाचा डबा, हातात अडकित्ता. भवेत्, कट्. भवेताम्, कट्. भवेयुः, कट्. सुपारीचं खांड अडकित्त्याच्या पात्याखाली बोटाने थोडं फिरवायचं, मग दाबायचं, की कागदासारखी पातळ चकती पडायची, आणि माझं रूप बरोबर येईपर्यंत ते बोट खांडावर तसंच थांबलेलं असायचं. चुकलं तर ओरडणं नाही काही नाही, फक्त सुपारी कातरली जायची नाही. भवेः भवेतम् भवेत, भवेयम् भवेव भवेम. शेवटच्या तीनला वेग यायचा, अडकित्त्यालाही. अर्थ काय असं मी विचारल्याचं आठवत नाही आणि त्यांनी सांगितल्याचंही नाही. आजी मधूनच आतून म्हणायची, अहो पुरे, पोरगी सुट्टीला आलीय. मला खरं तर पुरे नको असायचं पण हे आजीला कसं सांगणार.

आणि त्यांची पत्रं. निळं इनलँड, आत गच्च भरलेलं, चिकटवायच्या कडेवरसुद्धा आडवी एक ओळ. 'तुझें पत्र पावलें. परीक्षा झाल्यावर इकडे यावें.' प्रत्येक टिंब जागच्या जागी. सरकारने १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हतेच, त्यामुळे मला वाटायचं आजोबांचं पेन गळतंय. विचारलं तर म्हणाले, पूर्वी नाकात बोलायचे. मी म्हटलं, आता तर नाही बोलत. तर म्हणाले, म्हणून काय, आमचं नाक गेलं का? खरं तर कोकणात आणि गोव्याकडे ते 'केलें' अजूनही नाकात ऐकू येतं, पण वाईला काही ऐकू यायचं नाही, आजोबाही बोलताना आमच्यासारखंच बोलायचे. फक्त लिहिताना टिंब.

म्हणून असेल, ती टोपी पहिल्यांदा फळ्यावर पाहिली तेव्हा मला ओळखीचीच वाटली. तीही अशीच, गेलेल्या अक्षराची खूण. फ्रेंचमध्ये जंगल, हॉस्पिटल, बेट ह्या सगळ्या शब्दांत पूर्वी एस होता, बोलण्यातून गेला, कागदावरूनही गेला आणि जाताना टोपी ठेवून गेला. 'फ्यु'वर टोपी आहे ती त्याच एसची. हा काळ लॅटिनमधून आला, तिथे तो भलत्याच काळाचं काम करायचा, फ्रेंचमध्ये येईपर्यंत अक्षरं झिजली, काम बदललं, एवढं होऊनही 'तो'च्या रूपावरची टोपी शाबूत.

मग १९९० मध्ये त्यांच्याकडेही शुद्धलेखन सुधारणा आली. 'आय' आणि 'यू'वरच्या टोप्या ऐच्छिक झाल्या, बऱ्याचशा. मी ती बातमी फार नंतर वाचली, २०१६ मध्ये, जेव्हा पाठ्यपुस्तकांत त्या सुधारणा येणार म्हणून फ्रान्समध्ये एकदम गदारोळ झाला आणि लोक ट्विटरवर 'मी सिर्कोंफ्लेक्स आहे' असं लिहायला लागले. सव्वीस वर्षांनी जाग आली, हे मला फारच पुणेरी वाटलं. पण मी घाबरून आधी काय शोधलं तर आपल्या काळाचं काय. तर तिथे सूट नाही. टोपी काढली तर 'फ्यु' नुसतं भूतकाळातलं 'होता' होईल म्हणून ह्या काळातली टोपी सक्तीची. वापरत कोणी नाही, पण लिहिलंत तर टोपीसकट लिहा! आजोबांना हा नियम फार आवडला असता.

आपल्याकडेही तसं काय वेगळं आहे म्हणा. 'लोभ असावा' असं आपण कोणाला तोंडाने म्हणतो का, पण पत्र संपवायचं तर दुसरं काही सुचतही नाही. त्यांच्याकडेही 'न फ्युस क' अशा एक-दोन ठरावीक जागा राहिल्यात, किमान एवढं तरी व्हावं ह्या अर्थाच्या, तिथे हा काळ बसलेला असतो आणि कोणी उठवत नाही. कादंबऱ्यांमध्येही 'तो'चं रूप भेटतं अधूनमधून. 'आम्ही' आणि 'तुम्ही'ची मात्र जवळपास संपली, ती बेशरेलच्या तक्त्यात, ह्या काळाच्या रकान्यात.

बेशरेल म्हणजे क्रियापदांची डिक्शनरीच म्हणा, माझी कॉपी लाल पुठ्ठ्याची आहे, पाठीला सेलोटेप. त्या दुपारी मग ती काढलीच. आणि चाळताना एक गंमत बघत बसले, काही क्रियापदांच्या पुढे ह्या रकान्यात काहीच नाही. रिकामं. ती कोणती तर 'पेत्र', चरणे. 'त्रेर', दूध काढणे. 'फ्रीर', तळणे. ह्यांना तो पुस्तकी भूतकाळ नाही, म्हणून हाही नाही. दळणं आहे, शिवणं आहे, मरणं तर आहेच. पण गाय चरावी, कोणीतरी तिचं दूध काढावं आणि चार भजी तळावीत, अशी इच्छा जुन्या शुद्ध फ्रेंचमध्ये त्या काळात करायची सोयच नाही! गोठ्यातली आणि कढईतली कामं बरोब्बर वगळलेली. ह्यातून काहीतरी मोठं सुचणार असं मला दोन मिनिटं वाटत होतं, भाषा कोणाची, लिहिणारे कोण, तळणारे कोण वगैरे, पण मग दूधवाला आला आणि ते राहिलं.

नसेल तर नसेल. 'त्रेर' मी माझ्या मनाने चालवते. त्रेयास, त्रेयास, त्रेया. कोण येतंय तपासायला.