पडणारच आहेत ते दात

बुधवार, रात्री साडेदहा

चिऊ आज शांत झोपली आहे. गेल्या गुरुवारी याच वेळेला उजवा गाल उशीत दाबून हुंदके देत होती. सासूबाईंनी कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घेतलं आणि मी मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या तोंडात पाहिलं. खालची मागची दाढ. मधोमध काळपट खड्डा, त्यात संध्याकाळच्या बिस्किटाचा लगदा बसलेला. लेक साडेपाच वर्षांची झाली, आणि तिच्या तोंडात इतकं आत मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

दोनेक महिने ती पोळीच्या कडा ताटात ठेवत होती. घास डाव्या गालात धरून बसायची. मी ओरडायचे, "पुरे झाले नखरे, चाव पटापट." दुखत होतं म्हणून ती चावत नव्हती. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

तिच्या लसींचं कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. एकही तारीख चुकवली नाही. दातांच्या बाबतीत मात्र आमच्या घरात एकच वाक्य: दुधाचे आहेत, पडणारच आहेत. माझी आई म्हणायची, सासूबाई म्हणतात, मीही म्हणत आले. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचा, उंदीरमामाकडून नवा मागायचा. फ्लॅटमध्ये बीळ कुठलं, म्हणून पुतण्याचा दात आम्ही तुळशीच्या कुंडीत पुरला होता. पडलेल्या दाताचं केवढं कौतुक, आणि तोंडातल्याकडे कुणाचं लक्ष नाही.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली होती. दुधाच्या दातांवरचं आवरण पातळ असतं, त्यामुळे ती भराभर आत जाते. साडेतीन वर्षांची होईपर्यंत चिऊ दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायची. झोपेत लाळ कमी सुटते, दूध रात्रभर दातांवर राहतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात दाखवून घ्यायचे असतात, हेसुद्धा मी तिथे खुर्चीशेजारी उभी असताना ऐकलं.

"मग काढूनच टाका ना," मी म्हटलं. खर्चाचा आकडा ऐकून तोंडातून निघून गेलं. बाई रागावल्या नाहीत. ही दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत राहायची असते, म्हणाल्या. आता काढली तर तिच्या मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. मग त्यांनी छोटा आरसा धरून मला दाखवलं: किडलेल्या दाढेच्या मागे हिरडीतून पांढरं टोक वर येत होतं. "ही कायमची. सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. आधी काही पडत नाही, म्हणून आईवडिलांना ही दुधाचीच वाटते."

मलाही वाटली असती. तीही मी तशीच सोडून दिली असती.

दोन खेपांत रूट कॅनॉल झालं, वर स्टीलची टोपी बसली. सुई दिसल्यावर चिऊनं माझं बोट धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी तिची टोपी दहा वेळा बघितली. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं," एवढंच म्हणाल्या आणि डब्यातली बिस्किटं वरच्या फळीवर ठेवून आल्या.

आता "जा, घासून ये" बंद. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात नीट वळत नाही, म्हणून रात्री मीच घासते. फ्लोराईडची पेस्ट, वाटाण्याएवढी. तिचं डोकं मांडीवर, तोंडावर दिव्याचा उजेड. आज ब्रश मागे नेला तेव्हा तिनं मधेच तोंड मिटलं आणि विचारलं, "आई, ती मागची नवीन पण उंदराला द्यायची?"

"नाही गं. ती तुझ्याकडेच राहायची."

तिनं परत आ केला.