तीनशे मीटरवर ‘कमांड परफॉर्मन्स’: काम कुठवर आलं

मंडळी, माझा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ संच आता रात्रभर चालवला तरी तक्रार करत नाही. फिल्टरचे आणि कागदी कपलिंग कपॅसिटर बदलले. त्यामुळे घरघर गेली आणि ईएल८४ या स्पीकरला जोर देणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर गळून येणारा धन व्होल्टेजही थांबला. आयएफ, म्हणजे संचातली मधली वारंवारता, ४५५ किलोहर्ट्झवर जुळवून झाली.

पण संच दुरुस्त करणं हा निम्माच भाग. दुसऱ्या महायुद्धात परदेशात असलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी जे कार्यक्रम झाले, ते मला रेडिओवरच ऐकायचे आहेत. त्यांची ध्वनिमुद्रणं संगणकावर मिळतात, मात्र हेडफोन लावले की सगळी खरखर कानात घुसते. लाकडी खोक्यातल्या स्पीकरमधून तीच गाणी भरदार लागतात. त्यासाठी १ मेगाहर्ट्झची स्थिर लहर देणारा क्रिस्टल ऑसिलेटर घेतला, त्याचा वीजपुरवठा ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून दिला, झालं एएम मॉड्युलेशन, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त होऊ लागली! ऑसिलेटरच्या चौकोनी लहरीत हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी) भरपूर असतात, म्हणून तो पत्र्याच्या डब्यात बंद केला आणि शिल्डेड केबल थेट एरियलच्या सॉकेटला जोडली. हवेत काही सोडायचं नाही, त्याला परवाना लागतो. नव्या मित्रांसाठी आणखी एक: एसी-डीसी संचाला (मेन ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) असली जोडणी मुळीच करू नका, त्याची चासी, म्हणजे धातूचा सांगाडा, थेट मेनवर असू शकते. माझ्या संचात मेन ट्रान्सफॉर्मर आहे. डायलचा काटा ३०० मीटरवर (१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी) नेला की कार्यक्रम सुरू.

सुरुवात ‘कमांड परफॉर्मन्स’पासून केली. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्यानं हा कार्यक्रम सुरू केला, पुढे त्याच वर्षी स्थापन झालेल्या आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिसकडे तो आला. रचना अशी, की हुकूम सैनिकाचा आणि तो पाळायचा हॉलिवूडच्या नटनट्यांनी. बॉब होप, बिंग क्रॉसबी, ज्यूडी गार्लंड, डायना शोअर ही मंडळी एकही पैसा न घेता यायची. पण मला सगळ्यात भिडतात त्या सैनिकांच्या पत्रांतल्या फर्माइशी. कॅरोल लँडिसनं मायक्रोफोनपाशी येऊन फक्त एक उसासा टाकावा. ॲन मिलरनं लष्करी बूट घालून टॅप नाच करावा. लाना टर्नरनं स्टेक तळावा, आणि त्याचा चर्र आवाज ऐकू यावा! गाणी तर कुणीही मागेल. हजारो मैलांवरून ही माणसं घरच्या आवाजांची भीक मागत होती आणि त्यांना ते आवाज खरोखर पाठवले जात होते. रेडिओनं याहून मोठं काम क्वचितच केलं असेल.

हे पोहोचायचं कसं, तेही आपल्या छंदाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. शॉर्टवेव्हवर फेडिंग आलं, म्हणजे आवाज कमी-जास्त होऊ लागला, की वाद्यवृंदाची वाट लागते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून कार्यक्रम १६ इंची तबकड्यांवर उतरवून विमानानं, जहाजानं पाठवत आणि तळावरचं छोटं केंद्र ते वाजवी. गती मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण १५ मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला दोन बाजू. रेडिओ कंपन्यांचे लोकप्रिय कार्यक्रमही असेच जात, पण त्यातल्या जाहिराती काढून टाकलेल्या असत.

फेब्रुवारी १९४५ चा ‘डिक ट्रेसी इन बी-फ्लॅट’ हा तासाभराचा भाग दोनदा ऐकला. क्रॉसबी, सिनात्रा, होप, गार्लंड, शोअर, जिमी ड्युरँटी एकाच मंचावर, आणि सगळे मजेत.

तरी माझी पसंती ‘ज्युबिली’ला. १९४२ च्या अखेरीस सुरू झालेला हा कार्यक्रम कृष्णवर्णीय सैनिकांसाठी होता. सैन्यात तेव्हा त्यांच्या पलटणी वेगळ्या असत. निवेदक अर्नी व्हिटमन. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, लीना हॉर्न इथे ऐकायला मिळतात. देशासाठी लढायला पाठवायचं आणि बसवायचं मात्र वेगळं, ही सल हे ऐकताना जात नाही. संगीत मात्र अव्वल. बेसीच्या तालविभागासाठी टोन कंट्रोल थोडा तीव्र स्वरांकडे ठेवा, झांजा सुटतात.

पुढचा टप्पा रेडिओ सिआकचा. ब्रिटिशांच्या आग्नेय आशिया कमांडचं सैनिकांसाठीचं हे केंद्र कोलंबोत होतं. कोलंबोजवळच्या एकाला इथला १०० किलोवॅटचा प्रक्षेपक सुरू व्हायला १९४६ उजाडलं, युद्ध संपलेलं होतं. १९४९ मध्ये केंद्र सिलोन सरकारच्या हाती गेलं आणि रेडिओ सिलोन झालं. १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ आपल्याकडे घरोघर पोहोचली ती याच केंद्रावरून. त्या वेळी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लावणारे मंत्री बाळकृष्ण केसकर आपले मराठीच.

सिआकच्या सैनिकी काळातलं ध्वनिमुद्रण कुणाच्या संग्रहात असेल, तर जरूर कळवा. तोवर संचाच्या शॉर्टवेव्ह पट्ट्याचे ट्रिमर (बारीक जुळवणीचे कपॅसिटर) जुळवायला घेतो, ३१ मीटरवर डायल अजून जरा पुढे दाखवतो.