आज एक नाव विकलं गेलं

आज माझं एक डॉट कॉम नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता (डोमेन), विकलं गेलं. रक्कम मिरवण्यासारखी नाही, पण व्यवहार सुरळीत झाला. खरेदीदाराने पैसे एस्क्रोत, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे, भरले, मी नावावरचं लॉक काढून ट्रान्सफर कोड दिला, नाव त्याच्या खात्यात गेलं आणि मग पैसे माझ्याकडे आले. हा क्रम उलटा करू म्हणणारेही भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार.

लोक विचारतात, ‘व्हॉइस डॉट कॉम’ २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, मग तुझं का नाही? अहो, तो रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द, तोही डॉट कॉमवर! आमची बहुतेक नावं नुसती पडून असतात आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे खातात. एक विकलं की त्यातून बाकीच्यांचा खर्च काढायचा.

संध्याकाळी मुदत संपलेल्या नावांची यादी चाळली. एक फार आवडलं होतं, पण त्यात एका कंपनीचा ट्रेडमार्क दडलेला. सोडलं. ट्रेडमार्कवाल्यांशी होणाऱ्या अशा वादांसाठी १९९९ पासून यूडीआरपी ही तंटा मिटवण्याची ठरलेली पद्धत आहे; त्यात हरलं की नाव जातं आणि हाती दमडी येत नाही. दुसऱ्या एकावर बोली लावलीय. लिलाव उद्या दुपारी संपतो.